ऊन हवं, ताप नको

माझ्या ओम्नीतल्या बॅटरीनं पहिला संप पुकारला तो मे महिन्यात, भर दुपारी. सावद्याच्या पुढं एका केळीच्या बागेच्या बांधावर गाडी उभी होती. टपावर शंभर-शंभर वॅटची दोन पॅनलं, आकाशात ढगाचा टिपूस नाही, बांधावरच्या बाभळीची सावली पार बुंध्याला चिकटलेली. आणि चार्ज कंट्रोलरच्या पडद्यावर आकडा शून्य अँपिअर. पॅनल पुसून पाहिलं, कनेक्टर हलवून पाहिले, एक फ्यूज उगाचच बदलला. शेवटी बॅटरीच्या कव्हरवर हात ठेवला आणि चटकन मागं घेतला.

बॅटरी बिघडली नव्हती. लिथियम बॅटरीच्या पोटात एक राखणदार सर्किट असतं, त्याला बीएमएस म्हणतात. सेल ठरावीक मर्यादेपलीकडं तापले की तो चार्जिंग बंद पाडतो. ही मर्यादा कंपनीप्रमाणे बदलते, पण साधारण ४५ ते ६० अंशांच्या मधेच कुठंतरी असते. काचा लावून उन्हात सोडलेल्या गाडीत मे महिन्यात एवढं तापमान सहज होतं. मागचं दार दोन तास उघडं ठेवल्यावर सगळं आपोआप सुरू झालं, पण तोवर सूर्य केळीच्या आड गेला होता.

सूर्याकडून आपल्याला उजेड मिळतो आणि ताप मिळतो. वीज होते ती उजेडाची. ताप तिच्या मुळावर येतो. रावेर तालुक्यात दोन्ही भरपूर, म्हणून इथं गाडीवर सौर यंत्रणा बसवणं सोपंही आहे आणि फसवंही. या विषयावरची बहुतेक पुस्तकं थंड देशांत लिहिली गेली आहेत. शून्याखाली लिथियम बॅटरी चार्ज करू नका, पॅनल उभं तिरपं करा, बर्फ झाडा, असले सल्ले त्यांत पानंच्या पानं भरून असतात. पालच्या जंगलात जानेवारीची पहाट कितीही बोचरी असली तरी तिथं बर्फ झाडायची वेळ येत नाही. आपलं गणित आपल्यालाच नव्यानं मांडावं लागतं.

आपल्याकडं शेतकऱ्याला सौर पॅनल नवं नाही. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यानं यावलहून रावेरकडं येताना सौर पंपांची पॅनलं शिवारात दिसतात. पाच एचपीच्या पंपासमोर सुमारे पाच हजार वॅटची पॅनलं उभी असतात, आणि बॅटरी? एकही नाही. कारण तिथं पाणी हीच साठवण. ऊन आहे तोवर पंप चालतो, पाणी टाकीत किंवा शेततळ्यात पडतं, रात्री त्याची गरज संपलेली असते. गाडीचं उलटं. दिवसा आपण चालवतो, फिरतो, झाडाखाली बसतो. विजेची खरी गरज दिवेलागणीनंतर, आणि पंख्याची तर रात्रभर. म्हणून पंपवाल्याला पहिला प्रश्न पॅनलचा पडतो आणि गाडीवाल्याला पहिला प्रश्न रात्रीचा पडायला हवा. किती वॅटचं पॅनल घेऊ, असं विचारत दुकानात जाणारा माणूस बहुधा चुकीचं पॅनल घेऊन परततो.

तर रात्रीपासून सुरुवात करू. पाच वॅटचे तीन एलईडी दिवे चार तास: ६० वॅट-तास. (वॅट गुणिले तास म्हणजे वॅट-तास, असे हजार झाले की घरच्या बिलावरचं एक युनिट.) बारा व्होल्टचा १५ वॅटचा पंखा दहा तास: १५०. दोन मोबाइल ३०, लॅपटॉप ६०, सिंकचा छोटा पंप १०. बेरीज ३१० वॅट-तास, म्हणजे एक तृतीयांश युनिटसुद्धा नाही. बेरजेचा जवळपास निम्मा भाग एकटा पंखा खातो हे लक्षात घ्या. इथं मे महिन्यात रात्री अकरालाही गाडीचा पत्रा हाताला कोमट लागतो. पंख्यात काटकसर करायला जागा नाही.

आता यात फ्रिज घाला. बारा व्होल्टवर चालणारा चाळीस लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना ४०-४५ वॅट घेतो. थंड देशात तो अधूनमधून चालतो. आपल्या उन्हाळ्यात दिवसातले दहा तास तरी धडधडत राहतो. झाले साडेचारशे. बेरीज एकदम ७६० वर गेली. एका फ्रिजनं बाकी सगळ्या संसाराच्या दीडपट वीज मागितली.

मी पहिल्या वर्षी फ्रिज घेतला होता. दोन पॅनलं त्याच्याचसाठी. मग लक्षात आलं की त्यात पाण्याच्या बाटल्यांखेरीज काही नसतं. या मुलखात गाडीत कायम असणारं खाणं म्हणजे केळी, आणि केळी फ्रिजमध्ये ठेवायचीच नसतात. साधारण १३ अंशांच्या खाली त्यांची साल काळी पडते आणि कच्चं केळं नीट पिकायचं थांबतं. म्हणून तर शीतगाडीतून केळी पाठवणारे तापमान त्याच्या खाली जाऊ देत नाहीत. राहिलं पाणी. त्याला माठ आहे. मे महिन्याची खान्देशी हवा इतकी कोरडी असते की माठ आपलं काम विजेच्या थेंबाशिवाय करतो. गाडी हलते म्हणून मी मातीच्या माठाऐवजी ओलं फडकं गुंडाळलेली कळशी ठेवतो. फ्रिज विकला. ज्यांना औषधं थंड ठेवावी लागतात त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी फ्रिज घ्यावा आणि बाकी सगळं दुप्पट धरावं.

आणि एसी? हा प्रश्न गाडी पाहायला येणारा प्रत्येक जण विचारतो, तेव्हा उत्तर देऊन टाकतो. एक टनाचा एसी हजार वॅटच्या आसपास घेतो. रात्रभरात पाच-सहा युनिट सहज जातात. माझ्या बॅटरीसारख्या पाच बॅटऱ्या रिकाम्या होतील, आणि त्या परत भरायला टपावर पॅनल लावायचं तर टप ओम्नीचा चालणार नाही, एसटीचा लागेल.

पॅनलचा हिशेब असा. आपल्या भागात वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला पाच तास ‘पूर्ण ऊन’ मिळतं असं मानायला हरकत नाही. सकाळचं कोवळं आणि संध्याकाळचं तिरपं ऊन मिळून दुपारच्या कडक उन्हाचे जितके तास होतील, तितके. त्यातून उष्णता, धूळ, तारा आणि कंट्रोलर यांचा वाटा वजा केला की सत्तर टक्के हातात पडतात. म्हणजे शंभर वॅटचं पॅनल दिवसाला सुमारे ३५० वॅट-तास देतं. फ्रिज नसेल तर एक पॅनल पुरतं, दुसरं पावसाळ्यासाठी. फ्रिज असेल तर दोनही कमीच पडतात.

त्या तीस टक्क्यांत उष्णतेचा वाटा केवढा, हे मात्र नीट पाहायला हवं. पॅनलच्या मागच्या लेबलावर जे वॅट छापलेले असतात ते सेलचं तापमान २५ अंश असतानाचे. हवेत ४४ अंश असताना उन्हातला सेल सत्तरीच्या घरात जातो. प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्का वीज कमी होते. चाळीस अंश चढले की सोळा टक्के गेले. शंभराचे चौऱ्याऐंशी. रावेरच्या अक्षांशावर मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली तिच्या पायाशी गडप होते. आणि वर्षातल्या त्या सर्वांत सरळ उन्हात माझं पॅनल छापील आकडा कधीच गाठत नाही. तो आकडा मी पाहिलाय तो फेब्रुवारीत, सुकी धरणाच्या काठी, गार वारा सुटलेला असताना.

यावर थोडा इलाज आहे. पॅनल टपाला चिकटवायचं नाही. वळणारी, कागदासारखी पातळ पॅनलं दिसायला छान असतात, पत्र्यावर चिकटवली की गाडीला शोभा येते, पण खालून हवा नाही म्हणून ती भाजून निघतात. काचेचं, ॲल्युमिनियमच्या चौकटीचं पॅनल घ्यावं आणि कॅरियरवर चार-पाच सेंटिमीटर अंतर सोडून बसवावं. खालून वारा खेळतो, आणि टपाला सावली मिळते ती फुकट. सावलीतला टप आणि उघडा टप यांच्यातला फरक आत झोपणाऱ्याला लगेच कळतो.

उष्णतेचा हा हिशेब कंट्रोलर निवडतानाही उपयोगी पडतो. पॅनल आणि बॅटरी यांच्यात बसणारा हा डबा दोन जातींचा मिळतो: स्वस्त पीडब्ल्यूएम आणि महाग एमपीपीटी. ‘बारा व्होल्टचं’ म्हणून विकलं जाणारं ३६ सेलचं पॅनल खरं तर अठरा व्होल्टला चांगलं चालतं. पीडब्ल्यूएम त्याला खेचून बॅटरीच्या तेरा व्होल्टवर आणतो, वरचे पाच व्होल्ट वाया. एमपीपीटी त्या जादा व्होल्टचे अँपिअर करून देतो. म्हणून सगळे सांगतात, एमपीपीटीच घ्या. पण आपल्या उन्हाळ्यात तापलेल्या पॅनलचे अठरा व्होल्ट घसरून पंधरावर येतात. वाचवायला उरतं काय? माझ्या हिशेबानं शंभर वॅटच्या पॅनलवर मे महिन्यात एकाचे ७३ आणि दुसऱ्याचे ८० वॅट. एकच छोटं पॅनल असेल तर पीडब्ल्यूएम घेणाऱ्याला मी हसणार नाही. घराच्या छतावरची मोठी पॅनलं मात्र तीस-चाळीस व्होल्टची असतात. तसलं एखादं स्वस्तात मिळालं म्हणून टपावर चढवणार असाल तर एमपीपीटीला पर्याय नाही. शिवाय साडेपाचशे वॅटचं ते धूड सव्वादोन मीटर लांब आणि तीस किलोच्या आसपास भरतं, हेही ध्यानात ठेवा.

डिसेंबरात चित्र फिरतं. भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असतो, म्हणजे सपाट टपावर ऊन तिरपं पडतं आणि तीसेक टक्के घट येते. पण तेव्हा पंखा बंद. गरजही जवळपास निम्म्यावर येते. ऊन आणि पंखा यांची अशी जोडी आपोआप जमलीय, त्यामुळं तिरपं करायचे स्टँड वगैरे भानगडीत मी पडलो नाही.

सावलीचं दुखणं वेगळं आहे, आणि ते हवामानाचं नसून स्वभावाचं. मे महिन्यात गाडी घेऊन कुठंही गेलं की हात आपोआप स्टिअरिंग निंबाकडं वळवतात. माणूस सावलीत, गाडी सावलीत, पॅनलही सावलीत. त्यातही अर्धी सावली जास्त फसवी. पॅनलमधले सेल माळेतल्या मण्यांसारखे एकामागून एक जोडलेले असतात. एका सेलवर सावली पडली की त्याच्या पूर्ण ओळीचा प्रवाह अडतो. ३६ सेलच्या पॅनलमध्ये बहुधा अठरा-अठराचे दोन गट आणि प्रत्येकाला वळणवाट देणारा एक बायपास डायोड असतो. बांधाकडच्या केळीचं एक पान वाऱ्यानं कोपऱ्यावर आलं, तळहाताएवढी सावली पडली, तर एक गट गेला: निम्मी वीज. मी ती हातानं पान बाजूला करून, सोडून, पुन्हा करून पाहिलीय. आकडा पाचावरून अडीचवर, पुन्हा पाचावर. त्यावर उपाय म्हणून दुसरं पॅनल टपावरून काढलं आणि त्याला पाच मीटरची केबल लावली. गाडी निंबाखाली, पॅनल उन्हात. येणाऱ्या-जाणाऱ्या शेळ्यांवर तेवढं लक्ष ठेवावं लागतं.

बॅटरीबद्दल दुकानदाराचं आणि माझं झालेलं बोलणं सांगण्यासारखं आहे.

‘भाऊ, घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर टाका ना. दीडशेची आहे. स्वस्तात पडते.’

‘वजन?’

‘असेल पन्नास-साठ किलो. गाडी ओढते ना.’

गाडी ओढते, पण मी झोपतो तिच्याशेजारी. शिशाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. घरी ती व्हरांड्यात असते, इथं उशाशी. खड्ड्यात आपटली की ॲसिड हिंदकळतं. आणि दीडशे अँपिअर-तासांतले निम्मेच वापरायचे, नाहीतर आयुष्य घटतं. त्यापेक्षा लिथियम आयर्न फॉस्फेट, एलएफपी, शंभर अँपिअर-तासांची: वजन दहा-बारा किलो, साठवण १२८० वॅट-तास, त्यातले हजारभर बिनघोर वापरता येतात. म्हणजे माझ्या ३१० च्या हिशेबानं ऊन नसलं तरी तीन रात्री. मोबाइलमधल्या लिथियमपेक्षा हे रसायन शांत आहे, सहजासहजी पेट घेत नाही. गाडी सुरू करायची मूळ बॅटरी या कामाला लावायची नाही, हे सांगायला नको. ती दोन-तीन सेकंद जोर लावण्यासाठी केलेली असते, रात्रभर पंखा ओढण्यासाठी नाही.

एलएफपी बॅटरी ठेवायची कुठं? ओम्नी आणि ईको या दोन्ही गाड्यांत इंजिन पुढच्या सीटखाली असतं. नेमकी तिथंच थोडी मोकळी जागा दिसते आणि बरेच जण बॅटरी तिथंच कोंबतात. मी आधी तिथंच कोंबली होती. सुरुवातीला सांगितलेल्या संपाचं अर्धं कारण तेच. आता ती मागच्या चाकावरच्या कप्प्यात आहे, खाली लाकडी फळी, दोन बाजूंना हवा, खिडकीच्या काचेला आतून पांढरा पत्रा. महिना-दोन महिने गाडी वापरायची नसेल तर बॅटरी पूर्ण भरून सोडत नाही. पन्नास-साठ टक्क्यांवर ठेवतो. पूर्ण भरलेली आणि तापलेली, अशा अवस्थेत ती लवकर म्हातारी होते.

तारांकडं कुणी लक्ष देत नाही, आणि घोटाळे सगळे तिथंच. घरात आपण दीड चौरस मिलिमीटरची वायर ओढतो आणि निर्धास्त असतो. फ्रिजला मी तीच ओढली. तो दर संध्याकाळी मधेच बंद पडे; बॅटरीपाशी मीटर लावला तर व्होल्ट छान. गणित केलं तेव्हा कळलं. फ्रिज बॅटरीपासून तारेच्या वाटेनं पाच मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर तांबं. पाच अँपिअरला त्यात ०.५८ व्होल्ट वाटेतच खर्च. घरच्या २३० व्होल्टमधून अर्धा व्होल्ट गेला तर कुणाच्या खिजगणतीतही नसतं. बारातून गेला तर पाच टक्के. कॉम्प्रेसर सुरू होताना करंट दुप्पट होतो, व्होल्ट आणखी पडतात, आणि फ्रिजला वाटतं बॅटरी संपली. सहा चौरस मिलिमीटरची केबल टाकल्यावर घट ०.१५ वर आली. कमी व्होल्ट म्हणजे जास्त अँपिअर, जास्त अँपिअर म्हणजे जाड तार: गाडीतल्या वायरिंगचं बहुतेक शहाणपण एवढ्यात येतं.

फ्यूजबाबत मात्र मी कुणाशी वाद घालत नाही, सरळ सांगतो. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात मुख्य फ्यूज, मगच पुढची तार. फ्यूज तारेला वाचवतो, उपकरणाला नाही. म्हणून तो तारेच्या ताकदीप्रमाणे निवडायचा. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून लोक निष्काळजी होतात. शॉक बसत नाही, पण दोन टोकांवर पान्हा आडवा पडला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि पान्हा लाल होतो. अंगठी, कडं काढून ठेवावं. घरातली बटणं आणि एमसीबीही इथं वापरू नयेत. घरची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जाते, त्यामुळं बटण उघडताना पडणारी ठिणगी आपसूक विझते. डीसी शून्यावर येतच नाही; ठिणगी तशीच जळत राहते आणि बटण वितळतं. डीसीसाठीचेच स्विच मागायचे. जोडताना कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनल; काढताना उलट. उन्हात पॅनलचे कनेक्टर उपसायचे झाले तर आधी पॅनलवर गोधडी टाकावी.

पावसाळ्यात दोन पॅनलंही हात टेकतात. आभाळ गच्च भरलं की दहा-वीस टक्क्यांवर समाधान मानायचं. तेव्हा इंजिनच्या अल्टरनेटरकडून वीज घ्यावी, पण थेट तार जोडून नाही. एलएफपी बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढते, अल्टरनेटर तापून जळू शकतो. मधे डीसी-डीसी चार्जर बसवला की तो मोजून देतो. वीस अँपिअरचा असला तर तासाभराच्या प्रवासात अडीचशे वॅट-तास, जवळजवळ एका दिवसाची बेगमी. रावेरहून भुसावळला जाऊन यायचं, की दोन रात्रींचा पंखा झाला.

कायद्याचंही दोन शब्दांत. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते ठणकावून सांगितलंय. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण त्यामुळं घरच्या गाडीचा टप कापायची मोकळीक मिळालेली नाही. माझं सगळं नटबोल्टवर आहे, काढता येतं. सीट काढण्यापूर्वी किंवा पत्र्याला भोक पाडण्यापूर्वी आरटीओत विचारून घ्यावं.

या सगळ्या यंत्रणेची खरी परीक्षा झाली ती डिसेंबरात, भरीत पार्टीला. यावलच्या बाजूच्या एका मळ्यात वीसेक माणसं, बामणोदची वांगी, तुरीच्या आणि कपाशीच्या काड्यांचा जाळ. मळ्यातली वीज त्या आठवड्यात रात्री नव्हती, म्हणून ओम्नी बोलावली होती. टपावरून चार दिवे सोडले, पाच तास. सहा मोबाइल आळीपाळीनं लागले. एक छोटा स्पीकर. सगळं मिळून दोनशे वॅट-तास, बॅटरीचा सहावा हिस्सा, आणि मी कौतुक ऐकत बसलेलो. तेवढ्यात कुणीतरी घरून आणलेला मिक्सर माझ्या तीनशे वॅटच्या इन्व्हर्टरला लावला. साडेसातशे वॅटचा मिक्सर. इन्व्हर्टरनं तीनदा शिटी मारली आणि लाल दिवा लावून गप्प झाला.

‘काय हो दादा, एवढं सोलर लावलं आणि मिरच्या वाटत नाही?’ चुलीपाशी बसलेल्या मावशींनी विचारलं. मग त्यांनीच विहिरीजवळचा सपाट दगड धुऊन घेतला, मिरच्या त्यावर ठेचल्या, आणि वांगी तर तशीही लाकडानंच ठेचली जातात.